थोरलेपण



सुरतेत तापीकाठी अश्विनीकुमार नावाचा भाग आहे. तिथं स्मशानभूमी आहे, आणि जवळच तीन पानांचा वड दाखवतात. सांगतात, की कर्णाला अग्नी दिला तो इथं. कुमारी भूमीवरच मला दहन करा, ही त्याची शेवटची इच्छा, आणि तशी भूमी सापडली ती तापीच्या काठी, अशी आख्यायिका. आता कुरुक्षेत्र कुठं आणि सुरत कुठं! पण लोकांनी जागा निवडली ती नातं बघून. तापी ही सूर्याची लेक, अश्विनीकुमार सूर्याचे मुलगे, आणि कर्णही सूर्याचाच. जन्मभर ज्याच्या वाट्याला रक्ताची भावंडं आली नाहीत, त्याला लोकांनी शेवटी बापाकडच्या सावत्र भावंडांत नेऊन ठेवलं. आईकडचे भाऊ होते, पण ते समोरच्या सैन्यात.

आज हे आठवायचं कारण म्हणजे सुरतेतला पांडेसरा. तापी खानदेशातून सुरतेला येते, आणि तिच्यासारखीच माणसंही आली. नंदुरबार, धुळे, जळगावकडून निघालेली, उधना स्टेशनावर उतरलेली, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारी. इथल्या महापालिकेच्या मराठी शाळांत त्यांची पोरं शिकली. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. बाप आधी एकटा यायचा, खोली करून राहायचा, जमलं की घरच्यांना आणायचा. बहुतेकांनी आणलं. एखाद्यानं नाही आणलं. इथंच दुसरा संसार मांडला. गावाकडचा पहिला संसार हळूहळू बोलण्यातूनच गेला.

तर असं एक घर कल्पना करून बघू या. पंधरा वर्षांचा मुलगा, दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघणारा. बाप डाइंग मिलमध्ये स्टेंटर मशीनवर होता, गेल्या वर्षी वारला. धाकट्या बहिणीला शाळेत सोडणं, गॅसचा नंबर लावणं, रेशनच्या रांगेत उभं राहणं, सगळं आता याच्याकडे. घरातला थोरला ना! मग वारसांचा पेढीनामा करायची वेळ येते. तलाठ्यापुढं पंच बसतात, गावाहून काका आलेले असतात, आणि काका खाली मान घालून म्हणतात, एक नाव राहिलंय. शहाद्याकडं एक मुलगी आहे. पहिलीची. तेवीस वर्षांची, लग्न झालेली. मुलगा आईकडं बघतो. आई पदराच्या टोकाला पीळ देत म्हणते, ‘‘तुनी मोठी बहीन शे ती.’’ म्हणजे आईला ठाऊक होतं!

त्या पोराचं काय होत असेल? बहिणीचा राग येतो, असं आपण धरून चालतो. मला नाही वाटत. तिला त्यानं पाहिलेलंसुद्धा नाही. त्याला कळत नसतं ते बापाचं. रविवारी खांद्यावर हात टाकून रसवंतीवर नेणारा बाप, तोच एका मुलीला मागं सोडून आलेला बाप. मेलेल्या माणसाला जाब विचारता येत नाही. आईला विचारावं तर ती आधीच कोलमडलेली. मग राग उरतो तो उतरतो जी दारात येईल तिच्यावर. तिचा गुन्हा काय, तर ती आहे.

महाभारतात हेच घडलं आहे. युद्ध संपलं, गंगेच्या काठी मेलेल्यांना पाणी देणं चाललंय, आणि कुंती म्हणते, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. युधिष्ठिर त्या क्षणी थोरलेपणाला मुकला. पण तो चिडला कर्णावर नाही, आईवर; इतकी वर्षं झाकून ठेवल्याबद्दल. समस्त स्त्रीजातीला त्यानं शाप दिला, की यापुढं बायकांच्या पोटात गुपित राहणार नाही. शाप अगदीच अन्यायाचा होता. गुपितं काय बायकाच ठेवतात? पांडेसऱ्याच्या या घरात तर ते पुरुषानंही ठेवलेलं. पण शांतिपर्वाच्या सुरुवातीला युधिष्ठिर आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला फार मोलाची वाटते. द्यूतसभेत कर्ण वाटेल ते बोलत होता, पण त्याच्या पायांकडं नजर गेली की माझा राग उतरायचा, कारण ते पाय कुंतीच्या पायांसारखे होते. का, ते तेव्हा उमगलं नाही. कळलं नव्हतं तेव्हाही दिसत होतं तर!

आपल्या मुलाचंही तसंच होईल. आखाजीला ती बहीण यायचं म्हणते. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींनी माहेरी यायचा सण, झोके आणि सांजोऱ्यांचा. आणि घागर भरून गेलेल्या माणसांना पाणी द्यायचाही तोच दिवस. बापाची पहिली घागर. ती एसटीनं नंदुरबार, तिथून गाडीनं उधना, अशी येते. मुलगा मुद्दाम स्टेशनवर जात नाही, खोलीत बसून राहतो. लोखंडी जिन्यावर पावलं वाजतात. डाव्या पायाची चप्पल किंचित घासत येणारी. रात्रपाळी करून बाप यायचा तशीच. पोरगा उठून उभा राहतो. मग दार उघडून आत येते ती हातात डांगर आणि पिशवी घेतलेली एक अनोळखी बाई.

आता आईनं काय करावं? ‘‘ताईच्या पाया पड’’ एवढं मात्र म्हणू नये. आपल्याकडं मोठ्यांना घाई फार. नातं लावून दिलं, की काम झालं. आधी तिनं त्याच्यापुढं बसून सांगावं, की मी लपवलं, तुझा राग माझ्यावर काढ, तिच्यावर नको. ते जड आहे, मला कळतं. फसवली गेलेली तीही असेल. पण मोठ्यांनी हे ओझं उचललं नाही, तर ते पोरांच्याच डोक्यावर जाऊन बसतं.

आणि मुलाला एक गोष्ट कुणीतरी नीट सांगावी. ती आपल्या घरात घुसली, असं त्याला वाटतंय. कागदावर बघायला गेलं तर उलटंच आहे. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं रद्दबातल ठरतं. म्हणजे घर आधी तिचं. पण त्याच कायद्याचं सोळावं कलम अशा लग्नातल्या मुलांना औरस मानतं. आईबापांच्या चुकीचा डाग मुलांना लावत नाही. आणि 1 सप्टेंबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत बापाच्या वाट्याला जे आलं असतं, त्यातही अशा मुलांचा हक्क पोचतो. बापाच्या मागं जे काही असेल, त्यात तीही वारस आणि हाही. पंधरा वर्षांच्या पोराला हे कळतं. उलट भावनेच्या गोष्टींपेक्षा हे लवकर कळतं, कारण यात त्याला कुणावर प्रेम करायची सक्ती नसते.

युधिष्ठिरानं पुढं काय केलं, तेही व्यासांनी लिहून ठेवलंय. त्यानं कर्णाच्या बायकांना, घरच्यांना बोलावून घेतलं, आणि त्यांच्याबरोबर उभं राहून थोरल्या भावाला पाणी दिलं. कर्ण गेल्यावर त्याला हे करता आलं. या मुलाची बहीण तर अजून समोर आहे, चुलीपाशी सांजोऱ्या लाटतेय. तो तिला ताई म्हणत नाही. काहीच न म्हणता काम भागवतो. मोबाइलमध्ये तिचा नंबर त्यानं ‘शहादा’ या नावानं ठेवलाय. काकांच्या ते लक्षात आलं, आणि ते रागावणार होते. काकांना म्हणावं, राहू द्या. नंबर ठेवलाय ना त्यानं?