मिताहाराचा उपदेश आणि रुग्णाचे शरीर



भोजनात मात्रा जाणावी, ही तथागतांची शिकवण आपण सारेच ऐकत आलो. परंतु हीच शिकवण काही घरांत रुग्णाला घायाळ करण्यासाठी वापरली जाते. ज्याला भास होतात, संशयाने ज्याची झोप उडते, अशा माणसाला मनोविकाराचे औषध सुरू होते. मन हळूहळू ठिकाणावर येते. पण काही महिन्यांत अंग सुटते, कपडे तंग होतात. मग घरचेच म्हणतात, "नुसता बसून खातोस, जिभेवर ताबा नाही!" हा न्याय आहे काय?

विज्ञान काय सांगते ते पाहा. ओलान्झापिन व क्लोझापिन या औषधांनी वजन सर्वांत अधिक वाढते. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन यांनी मध्यम. हॅलोपेरिडॉल, अॅरिपिप्राझोल यांनी त्या मानाने कमी. यांतील अनेक औषधे मेंदूतील हिस्टामिन व सेरोटोनिन या रसायनांचे काही निरोप अडवतात. त्यामुळे भूक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव मंदावते. रक्तातील साखर व चरबीही वाढू शकते. ही भूक औषधाने लावलेली आहे. तो शीलभंग नव्हे.

कोसलराजा पसेनदीची कथा संयुत्त निकायात आहे. द्रोणभर भात जेवून, धापा टाकीत तो बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याची टवाळी केली नाही; मिताहाराची एक गाथा सांगितली. जेवणाच्या वेळी ती म्हणण्यासाठी राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला नेमले, आणि राजाचा आहार क्रमाक्रमाने कमी झाला. ध्यानात घ्या, राजाची भूक औषधाने वाढलेली नव्हती; तरीही त्याला सोबती लागला. मग रुग्णाला 'तुझे तू पाहा' म्हणणारे आपण कोण?

टोमण्यांचा परिणाम भयंकर होतो. रुग्ण गुपचूप गोळ्या सोडतो आणि आजार उलटतो. म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका, करू देऊ नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आरंभीच वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर व चरबी तपासून घ्या. पुढेही वेळोवेळी तपासा. औषध बदलणे किंवा मेटफॉर्मिनची जोड देणे काहींच्या बाबतीत शक्य असते. तो निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. औषधाचे ज्ञात दुष्परिणाम आपल्याला समजेल अशा भाषेत कळणे, हा मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला दिलेला हक्क आहे. तो मागताना संकोच कसला?

आणि घरात काय करावे? रुग्णाचे ताट वेगळे काढू नका. भाकरी, उसळ, पालेभाजी सर्वांनीच खावी. चहातली साखर सर्वांनीच कमी करावी. संध्याकाळी त्याच्यासोबत कोणीतरी चालावे.

मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्षूला बुद्धांनी आनंदासह स्वतः धुतले, आणि रुग्णाची सेवा ती माझीच सेवा, असे संघाला समजावले. त्या भिक्षूला त्यांनी आधी दोष दिला नाही, आधी पाणी आणवले. आपणही उपदेशाआधी सोबत देऊ या.