ज्याला बक्षीस मिळालं नाही

१९८७ साली मुंबईतल्या एका चौदा वर्षांच्या मुलाला बक्षीस मिळालं नाही. मुंबईच्या क्रिकेट संघटनेचा वर्षातल्या सर्वोत्तम कनिष्ठ क्रिकेटपटूचा पुरस्कार दुसऱ्या मुलाला गेला. शालेय सामन्यांत बक्षीस हुकलेल्या या मुलानं खोऱ्यानं धावा काढल्या होत्या, मैदानामैदानांवर त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं होतं, म्हणून तो हिरमुसला. चौदाव्या वर्षी हातून निसटलेली गोष्टच सगळ्यात मोठी दिसते.

थोड्याच दिवसांत त्याला एक पत्र मिळालं. लिहिणारे होते सुनील गावसकर. त्याच वर्षी मार्चमध्ये अहमदाबादला त्यांनी कसोटीतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या होत्या. तोवर जगात कुणालाच ते जमलं नव्हतं. या मुलाला ते कधी भेटलेले नव्हते, त्याच्याविषयी फक्त ऐकून होते. पत्राचा आशय असा, की पुरस्कार मिळाला नाही म्हणून नाराज होऊ नकोस. आजवरच्या विजेत्यांची यादी काढून बघ, तिच्यात एक नाव तुला सापडणार नाही, आणि त्या माणसाचं कसोटीत काही वाईट चाललेलं नाही. ते नाव अर्थात गावसकरांचं स्वतःचं. शिवाय अभ्यासाकडे दुर्लक्ष करू नकोस, प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला वाईट काळ येतो आणि तेव्हा शिक्षण उपयोगी पडतं, असंही त्यांनी लिहिलं होतं.

तो मुलगा म्हणजे सचिन तेंडुलकर. त्या पत्रानं किती उभारी दिली हे त्यानं पुढे अनेकदा सांगितलं. डिसेंबर २००५ मध्ये दिल्लीला त्यानं पस्तिसावं कसोटी शतक ठोकलं आणि गावसकरांचाच ३४ शतकांचा विक्रम मागे टाकला.

या गोष्टीत सचिनचं पुढे काय झालं याला मी फार महत्त्व देत नाही. तो सचिन झाला नसता, कुठल्याशा बँकेच्या संघातून चार-सहा वर्षं खेळून संसाराला लागला असता, तरी ते पत्र तितकंच मोलाचं राहिलं असतं. निवड समितीचंही काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना जो योग्य वाटला त्याला त्यांनी निवडलं. पण निवड झाली, टाळ्या झाल्या, की न निवडलेल्यांकडे बघायचं काम कुणाचंच नसतं. गावसकरांनी ते आपण होऊन अंगावर घेतलं.

त्यांच्या लहानपणची एक आठवण या पत्राशेजारी ठेवावीशी वाटते. त्यांचे मामा माधव मंत्री भारताकडून कसोटी खेळलेले. मामाच्या कपाटातला भारताचा स्वेटर छोट्या सुनीलला हवा होता. मामानं तो दिला नाही. हा घाम गाळून मिळवावा लागतो, असं सांगितलं. गावसकरांनीच ‘सनी डेज’मध्ये हे लिहून ठेवलंय. ज्याला मानाची गोष्ट कष्टाशिवाय मिळाली नाही, त्यानंच पुढे एका अनोळखी मुलाला शाबासकी मात्र न मागता पाठवली. मान कमवायलाच लावावा आणि शाबासकीत हात आखडता घेऊ नये, या दोन्ही गोष्टी मंत्री-गावसकरांच्या घरात एकत्र नांदल्या.

हे सगळं आत्ता आठवायला निमित्त घडलं. गेल्या एप्रिलमध्ये एका क्रिकेट शिबिराच्या वार्षिक बक्षीस समारंभाला गेलो होतो. पाचची वेळ होती, पाहुणे सव्वासहाला आले. मुलं चारपासून पांढऱ्या कपड्यांत सतरंजीवर बसलेली. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगतं यांत सव्वा तास गेला. मग अंधार पडला म्हणून सात-आठ मिनिटांत सगळी बक्षिसं उरकली. सर्वोत्तम गोलंदाज म्हणून तेरा-चौदा वर्षांचा एक डावखुरा फिरकी गोलंदाज पुढे आला. त्याला मिळालेली ट्रॉफी त्याच्या कमरेपर्यंत येत होती. तिच्या टोकावर सोनेरी रंगाचा प्लॅस्टिकचा खेळाडू, आणि त्याच्या हातात बॅट. गोलंदाजाच्या बक्षिसावर फलंदाज! देणाऱ्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं, पण मुलाच्या आलं. खाली उतरल्यावर त्यानं त्या इवल्याशा बॅटवरून एकदा बोट फिरवलं आणि ट्रॉफी आईच्या मांडीवर ठेवून दिली.

त्याच्या निम्म्याअधिक विकेट यष्ट्यांमागच्या एका मुलाच्या हातांनी पडल्या होत्या. हे मला त्यांच्या सरांनीच सांगितलं. कीपिंगला बक्षीस ठेवलेलं नव्हतं. समारंभ संपल्यावर तो मुलगा सतरंज्या गुंडाळत होता, म्हणून मी जवळ गेलो. कीपिंगचे ग्लोव्हज त्याच्या किटबॅगेवर पडले होते. उजव्या तळव्याचं रबर पार उडालेलं, आणि त्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवलेला. कडा इतक्या नीट घासलेल्या, की हात लावून बघितल्याशिवाय जोड कळू नये.

“हे कुणी केलं?”

“मीच, काका.”

“कीपिंग कधीपासून करतोस?”

“तीन वर्षं झाली. पण पुढच्या वर्षी बॉलिंग टाकणार.”

का, असं मी विचारलं नाही. त्याचं उत्तर स्टेजवरच्या रिकाम्या टेबलावर होतं.

बक्षीस एकाला मिळतं, पण ते सगळी मुलं बघत असतात. इथं काय मोजलं जातं आणि काय मोजलं जात नाही, हे त्यांना त्या सात मिनिटांत कळतं. धावा मोजल्या जातात, विकेट मोजल्या जातात. शॉर्ट लेगला दिवसभर वाकून उभं राहणं कुठल्या रकान्यात लिहायचं? हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर हेल्मेटशिवाय फलंदाजाच्या पुढ्यात उभा राहायचा. २७ कसोटींत त्यानं ५३ झेल घेतले. १९७१ मध्ये ओव्हलवर आपण इंग्लंडला हरवलं, त्या सामन्यातल्या चंद्रशेखर यांच्या ३८ धावांतल्या सहा विकेट अनेकांना पाठ आहेत. वेंकटराघवन यांच्या गोलंदाजीवर सोलकरनं झेपावून घेतलेला अॅलन नॉटचा झेल ज्यांनी पाहिला, ते आजही त्याविषयी बोलताना हात पुढे करून दाखवतात. असा मुलगा आज आपल्या शिबिरात आला, तर त्याच्यासाठी टेबलावर काय ठेवलेलं असेल?

दुसरी एक गोष्ट मला अधिक टोचते. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेनं भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. पंधरा वर्षांचा मुलगा, वडील रिक्षा चालवणारे. १२९ चौकार, ५९ षटकार. दोन दिवसांत त्याचं नाव जगभर झालं. मुंबई क्रिकेट असोसिएशननं त्याला पाच वर्षं दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. हे चांगलं झालं, आणि संघटनेनं ते तत्परतेनं केलं, हेही म्हटलं पाहिजे. पण पुढे त्याचा सूर हरवला. दीड वर्षाच्या आसपास त्याच्या वडिलांनीच संघटनेला कळवलं, की मुलाकडून हवा तसा खेळ होत नाही, तेव्हा ही शिष्यवृत्ती थांबवा.

त्या बापाच्या स्वाभिमानापुढे मी नतमस्तक आहे. रिक्षा चालवणाऱ्या माणसाला महिन्याचे दहा हजार नको म्हणणं सोपं नसतं. पण हे पत्र लिहायची वेळ त्यांच्यावर यावी, याचं मला वाईट वाटतं. शिष्यवृत्ती पाच वर्षांची होती. याचा अर्थ पाच वर्षं तो मुलगा बरा खेळला काय, वाईट खेळला काय, तुम्ही त्याच्या पाठीशी आहात. निदान तसा असायला हवा. खेळ बिघडतो तेव्हाच तर आधाराची गरज लागते. शतकं निघत असताना आधार देणारे रांगेत उभे असतात. आपण मुलाच्या हातात जे ठेवतो ते त्याला कर्जासारखं वाटू लागलं, दर महिन्याला धावा काढून फेडायचं आहे असं वाटू लागलं, तर देण्याची पद्धत कुठेतरी चुकली. यात मी कुणा एका संघटनेला दोष देत नाही. आपण सगळेच, वर्तमानपत्रं धरून, त्या मुलाकडे पुढचे हजार मागत होतो.

आणि समोरचा संघ? तो ३१ आणि ५२ धावांत बाद झाला. हजार धावा होईपर्यंत ती मुलंही उन्हात चेंडूमागे धावत होती. त्यांची आठवण मला पुष्कळ उशिरा झाली, हे कबूल करतो.

ज्यांना कुणी मोजत नाही त्यांच्याकडेही बघायचं, हा विचार मोठ्या पातळीवर कुणी कृतीत आणला असेल तर तो राहुल द्रविडनं. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यूझीलंडला आपल्या मुलांनी १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. पृथ्वी शॉ कर्णधार, द्रविड प्रशिक्षक. भारतीय क्रिकेट मंडळानं बक्षीस जाहीर केलं: द्रविडला ५० लाख, खेळाडूंना प्रत्येकी ३० लाख, बाकीच्या प्रशिक्षक-सहायकांना २० लाख. फिजिओ, ट्रेनर, गोलंदाजी-क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षक यांनी तितकेच कष्ट घेतले असताना हा फरक का, असं द्रविडनं विचारलं. अखेर त्याच्यासकट सगळ्या प्रशिक्षकवर्गाला प्रत्येकी २५ लाख मिळाले. म्हणजे आपला वाटा निम्म्यावर आणून त्यानं तो सारखा केला. याच द्रविडनं २०१५ च्या पतौडी व्याख्यानात वय चोरून खेळण्याचा प्रश्न मांडला होता. पुरस्कार देणाऱ्यांनी तो विसरू नये. सतरा वर्षांच्या मुलाला चौदा वर्षांखालील गटात चषक दिला, की आपण दोन मुलांचं नुकसान करतो. एकाला खोटेपणाचं बक्षीस मिळतं, आणि दुसऱ्याला वाटतं आपल्यातच काही कमी आहे.

आझाद मैदानावरची फेब्रुवारी १९८८ मधली ती हॅरिस शील्डची उपांत्य लढत मराठी वाचकाला सांगायला नको. सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. त्या वेळी त्या दोघांच्या शारदाश्रम शाळेचा पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. तो अमोल मुझुमदार. पुढे रणजी पदार्पणातच त्यानं २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांच्या वर धावा जमवल्या, आणि भारताची टोपी त्याला कधीच मिळाली नाही. इतकी वर्षं दाराशी थांबलेल्या माणसानं कडवट व्हायचं ठरवलं असतं, तर कुणी बोल लावला नसता. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला तेव्हा तो त्यांचा प्रशिक्षक होता. कर्णधार हरमनप्रीत कौर मैदानातच त्याच्या पाया पडली. ज्यानं थांबणं सोसलंय त्याला संघाबाहेर बसलेल्या मुलीचं मन कळत असणार, असं मला त्या क्षणी वाटून गेलं.

उन्हाळी शिबिरं संपत आली, की गावोगावी पुन्हा असे समारंभ होतील. ते व्हावेत. तालुक्याच्या गावात इंग्लिश विलोची बरी बॅट घ्यायची म्हटली तरी घरच्यांना महिन्याचा हिशोब दोनदा मांडावा लागतो. तिथं कुणीतरी पुढे येऊन मुलांचं कौतुक करतं, खिशातले पैसे घालतं, याचं मोल मी कमी करत नाही. माझं मागणं छोटं आहे. ट्रॉफी कमरेएवढी नको, वीतभर चालेल. वाचलेल्या पैशांत ग्लोव्हज, पॅड, वर्षभराचा बसचा पास येतो. भाषणं वीस मिनिटांत आवरा. खेळपट्टीवर पहाटे पाणी मारणाऱ्या माळ्याचं आणि उन्हात वही धरून बसणाऱ्या स्कोअररचं नाव एकदा माइकवरून घ्या. कीपर आणि क्षेत्ररक्षक यांच्यासाठी टेबलावर जागा ठेवा. मुलींचं बक्षीस शेवटी, लोक उठून जाताना देऊ नका. मदत जाहीर केलीत तर जितकी वर्षं सांगितलीत तितकी वर्षं ती द्या, धावा न मोजता.

आणि विजेत्यांची यादी झाली, की तिच्याखाली एक रेघ मारून, ज्यांचं नाव थोडक्यात राहिलं अशा दोन-तीन मुलांची नावं लिहा. त्यांना पत्र पाठवा. त्यांच्या खेळातली तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट त्यात असू द्या. नुसतं ‘शाब्बास’ लिहू नका. मी त्या कीपरचा पत्ता त्याच्या सरांकडून घेतला आणि गेल्या आठवड्यात त्याला लिहिलं. ग्लोव्हजच्या त्या जोडाबद्दल लिहिलं, आणि त्या यष्टिचीतांबद्दल. पोस्टात अजून पन्नास पैशांना पोस्टकार्ड मिळतं.