पाचवा खांब

जुन्या सभास्थानांचं आणि रंगमंदिरांचं कौतुक आपण पुष्कळ ऐकतो. मला मात्र आधी बघावंसं वाटतं, दाराबाहेर कोण होतं?

अथेन्समध्ये प्निक्स टेकडीवर नागरिक सभेला जमायचे. काही ठरावांना सहा हजार माणसं लागत. लोकशाही ती हीच. पण तिथं बाई नाही, गुलाम नाही, बाहेरगावाहून येऊन वसलेला कारागीर नाही. गुलाम राबायचा म्हणून मालकाला भाषण ऐकायला सवड!

रोमनं निदान लपवलं नाही. इ. स. ८० मध्ये कोलोसिअम उघडलं. पुढं सिनेटर, सगळ्यात वर बायका नि गरीबगुरीब. खाली वाळूत मरणारे बहुतेक गुलाम आणि कैदी. जिंकणाऱ्याच्या नावानं गर्दी बेंबीच्या देठापासून ओरडायची, पण कायद्यानं तो बेअब्रूच. नटसुद्धा बेअब्रूच. आपल्या तमाशाचं वेगळं काय होतं? रात्री ढोलकीवर दौलतजादा, सकाळी त्याच कलावंताला वरून पाणी.

आणि आपलं थोर नाट्यशास्त्र! शूद्रांना वेद ऐकायची बंदी, म्हणून सगळ्या वर्णांसाठी नाट्य हा पाचवा वेद केला, असं पहिला अध्याय सांगतो. वाचून बरं वाटतं. दुसऱ्या अध्यायात रंगमंदिर बांधायची रीत आहे. चार वर्णांचे चार खांब. ब्राह्मणाच्या खांबाखाली सोनं, क्षत्रियाच्या तांबं, वैश्याच्या चांदी, शूद्राच्या लोखंड. पायाभरणीला पाखंडी, काषाय वस्त्रवाले, अपंग यांना हाकलून द्या म्हणे. काषायवाले कोण ते तुम्हाला सांगायला नको. आणि पाचव्याला तर खांबच नाही.

काही मित्र म्हणतात, आता भांडण कशाला? घटनेच्या १५व्या कलमानं करमणुकीच्या जागा सर्वांना खुल्या केल्या, तिकीट काढा नि बसा. बसूच. तो हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिलाय. पण नुसतं बसायला मिळालं म्हंजे बोलायला मिळालं असं होतं का? भीमराव कर्डकांच्या जलशानं नाट्यगृहाची वाट पाहिली नाही. वस्तीतलं पटांगण हेच थेटर, बघणारे आणि बोलणारे एकाच भाकरीचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं उघड्या मैदानात उभी राहिली, तिथं कुठल्या वर्णाचा खांब होता?

मग आपल्याच सभेत आज पुढं सोफा कशाला? पुढाऱ्यांना सोफा, कार्यकर्त्यांना खुर्च्या, बायका कडेला सतरंजीवर. कोलोसिअमच की! १९४२ साली नागपुरात हजारो दलित स्त्रियांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. ते आपण भाषणात सांगतो, सोफ्यावरून उठून.

मागं एका जयंतीच्या सभेत स्वयंपाकाच्या चुलीवरून उठून आलेल्या एका मावशीनं विचारलं, "बाळा, मला बोलायचंय, माईक कवा भेटंल?"

सूत्रसंचालक म्हणाला, "आभार झाले की बघू, मावशी."