भुकटीच्या आतली जागा

वणी तालुक्यात राजूरच्या चुनाभट्ट्यांत चुनखडी भाजली जाते. साधारण ९०० अंशांना दगडातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन्न किलो कळीचा चुना हाती येतो. खडा मात्र वजनाच्या मानाने आक्रसत नाही. म्हणजे तो आतून पोकळ होतो आणि पाणी टाकल्याबरोबर खवळतो. आच जास्त झाली तर कण एकमेकांत मिळून छिद्रे बुजतात आणि तोच चुना थंडपणे, रेंगाळत पाणी पितो. हे भट्टीवाल्यांना अनुभवाने ठाऊक होते. शास्त्राचा भर मात्र पृष्ठभाग वाढवण्यासाठी बराच काळ बारीक दळण्यावर होता.

पोकळी मोजता आली ती विसाव्या शतकात. पृष्ठभागावर वायूच्या रेणूंचा एकच थर बसतो असे धरून लँगम्युअर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात गणित मांडले. १९३८ मध्ये ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी ते थरांवर थर बसण्यापर्यंत नेले. उणे १९६ अंशांना किती नायट्रोजन चिकटतो, त्यावरून क्षेत्रफळ निघू लागले. सक्रिय ॲल्युमिनाचा मिलिमीटरभर जाडीचा दाणा घ्या. एक ग्रॅम दाण्यांचे बाहेरचे अंग पन्नासेक चौरस सेंटिमीटर भरेल. आतले धरले तर कबड्डीची दोन मैदाने.

ही आतली जागा पाणी शुद्ध करायलाही कामी येते. पांढरकवडा, झरी जामणी भागातल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकात पुढे आणलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना पाण्यात घालतात, फ्लोराइड गाळाबरोबर खाली बसते. गाळ रोज काढावा लागतो. ॲल्युमिनाच्या दाण्यांतून पाणी गाळले तर ती कटकट नाही. पाणी किंचित आम्लधर्मी असले की दाण्यांच्या पृष्ठभागावर धनभार येतो आणि फ्लोराइड ओढले जाते. पण फ्लोराइडयुक्त पाणी बहुधा अल्कधर्मी असते, त्यात बायकार्बोनेट भरपूर. तेही त्याच जागांसाठी भांडते.

इथे विचार पुन्हा वळला: जागा किती, याइतकेच ती कोणाला धरते हेही महत्त्वाचे. मग ॲल्युमिनावर लँथॅनमचा, मॅग्नेशियाचा लेप आला. लँथॅनमला फ्लोराइडची ओढ मोठी. गोम अशी की छिद्रेच काही नॅनोमीटरची. लेप जाड झाला की ती बुजतात. पृष्ठभाग सुधारावा तर पोकळी जाते. यावर निबंधांचा ढीग आहे. त्यांतले पुष्कळसे प्रयोग शुद्ध पाण्यात फ्लोराइडचे मीठ विरघळवून केलेले, म्हणून त्यांतल्या मोठ्या आकड्यांवर माझा फारसा भरवसा नाही. बोअरचे पाणी इतके सोज्वळ नसते.

शिवाय दाणे भरले की कॉस्टिक सोड्याने धुवावे लागतात. दर धुण्यात थोडे ॲल्युमिनाही विरघळते. आणि धुतलेले पाणी फ्लोराइडने गच्च असते. ते हातपंपाशेजारी ओतून चालत नाही.