आधी ठिपके मोज

चि. ऋचास,


एनएमआरवर काम सुरू झालं आणि पहिलं प्रथिन युबिक्विटिन मिळालं, हे फार छान झालं. शिकाऊंना तेच देतात म्हणून ते उरकून टाकू नकोस. रचनेचं चित्र पडद्यावर कधी येतंय याची घाई तर मुळीच नको. आधी ठिपके मोज.

युबिक्विटिनमध्ये 76 अमिनो आम्लं. नायट्रोजन-15 देऊन वाढवलेल्या प्रथिनाचा एचएसक्यूसी वर्णपट घेतलास की कण्यातल्या एकेका एन-एच जोडीचा एकेक ठिपका पडतो. तिन्ही प्रोलिनना तिथे हायड्रोजन नसतो, पहिलं मेथिओनिनही सहसा दिसत नाही. राहिले फार तर 72. वर उजवीकडे, एका आडव्या रेषेत जोडीने बसलेले ठिपके अ‍ॅस्परॅजिन-ग्लुटामिनच्या बाजूच्या साखळ्यांचे. ते वेगळे काढ. आकडा वाढला तर सॅम्पल तुटतंय की प्रथिन दोन रूपांत आहे, ते शोध. कमी भरला तर कोणते ठिपके पसरट होऊन विरले, ते बघ.

मग असाइनमेंट, म्हणजे कोणता ठिपका कोणत्या अमिनो आम्लाचा ते ठरवणं. सॉफ्टवेअर नावं भराभर लावून देतं, पण प्रत्येक नाव स्वतः तपास. पुढची सगळी इमारत त्यावर उभी असते. दोन प्रोटॉन सुमारे 5 अँगस्ट्रॉमच्या आत असले तरच त्यांच्यातला एनओई हा संकेत दिसतो, कारण अंतराच्या सहाव्या घाताने तो क्षीण होतो. नाव चुकलं की अंतर भलत्याच अणूंच्या गळ्यात पडतं, आणि संगणक साखळी तिकडे ओढू बघतो.

झुरिकच्या कुर्ट व्युथ्रिख यांच्या गटाने बैलाच्या वीर्यातल्या एका छोट्या प्रथिनाची रचना एनएमआरने थेट द्रावणात काढली, तेव्हा 1984 साली म्युनिकमध्ये ऐकणाऱ्यांना ते पटेना. तशाच दुसऱ्या प्रथिनाच्या स्फटिकरचनेवरून बेतलं असेल, ही शंका. रॉबर्ट हूबर यांनी तोडगा सुचवला: टेंडामिस्टॅट हे 74 अमिनो आम्लांचं प्रथिन दोघांनी स्वतंत्रपणे सोडवायचं, एकाने क्ष-किरणांनी, दुसऱ्याने एनएमआरने. दोन्ही उत्तरं आली, घडी तीच निघाली. शंकेला असं उत्तर देता यावं, इतकं चोख काम तुझंही असू दे.

अल्फाफोल्ड हा रचनेचं भाकीत करणारा प्रोग्राम असताना हे कशाला, असं कोणीतरी विचारेलच. घडी तो बहुतेकदा बरोबर सांगतो, हे मोकळेपणाने मान्य कर. पण पार्किन्सनशी निगडित अल्फा-सायन्यूक्लिन द्रावणात मोकळं असताना एका घडीत बसतच नाही. अशा प्रथिनांसाठी एनएमआरइतकं जवळचं साधन मला दुसरं ठाऊक नाही.

आणि संगणकाने काढलेल्या वीस मॉडेलांचा जुडगा एखाद्या वळणापाशी विस्कटलेला दिसला की लगेच 'हा भाग हलतो' असं लिहू नकोस. कदाचित तिथे एनओईच कमी मिळाले असतील. हालचालीचा माग देणारे टी-1, टी-2 आणि हेटरोन्यूक्लिअर एनओई मोज, मगच लिही.

तुझा,
मामा