गिअर टाकला कोणी?

पोर्शेच्या 911 जीटी3मध्ये 2013 साली फक्त पीडीके, म्हणजे दोन क्लचचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स मिळत होता. 2017 साली मॅन्युअलचाही पर्याय आला. त्या वर्षीच्या दोन्ही गाड्यांत इंजिन एकच, 500 अश्वशक्तीचं. मॅन्युअल गाडी 1,413 किलोची, पीडीकेवाली 1,430 किलोची. वजन कमी तर प्रवेग जास्त, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. आणि इथे शून्यावरून शंभरावर जायला हलकी गाडी 3.9 सेकंद घेते, जड गाडी 3.4!

न्यूटनला बोल लावू नका. 17 किलो म्हणजे सव्वा टक्क्याहूनही कमी; त्याने सेकंदाच्या चार-पाच शतांशांचा फरक पडेल. वेळ खरा जातो तो क्लच दाबल्यावर. तेवढ्यापुरतं इंजिन चाकांपासून सुटतं आणि गाडी आधीच्या वेगावर नुसती सरकत राहते. पीडीकेत एक क्लच विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. गाडी दुसऱ्यात असतानाच तिसरा जोडून तयार असतो. एक क्लच सोडतो तोवर दुसरा धरतो, त्यामुळे ओढ तुटत नाही.

मग पैसे मोजून अर्धा सेकंद कोण गमावेल? आमच्या गीतेच्या वर्गात हे सांगितलं तर एक काका म्हणाले, "अहो सर, हाच की निष्काम कर्मयोग! फळ सोडलं, कर्म धरलं."

मला नाही पटलं. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि दैव. कर्ता पाचांतला एक. मॅन्युअलवाला फळ सोडतो हे कबूल, पण 'गिअर मी टाकला' हे कुठे सोडतो? तेवढ्याचसाठी तर तो अर्धा सेकंद देतो. अर्थात पीडीकेवालाही साधू नव्हे. काम यंत्राने केलं, आणि मित्रांत हा सांगणार, "मी 3.4मध्ये शंभर गाठले."

दोघांत निवडायचंच तर मी मॅन्युअलवाल्याच्या बाजूने. अहंकार त्याचाही आहेच, पण त्याला रोज अडवणारं कोणीतरी आहे. गिअरचे वेग जुळेपर्यंत सिंक्रोमेश लिव्हर आत घेत नाही, कितीही जोर लावा. क्लच घाईने सोडला की मागची चाकं जागीच फिरतात. बाकीच्या चार कारणांची गाठ त्याच्या तळहाताशी आणि तळपायाशी पडत राहते.