भाडं कमी, कागद जास्त

मुंबई-पुण्याचं घरभाडं झेपेनासं झालं की काही मराठी घरांत इंदूरचं नाव निघतं. होळकरांचं शहर, पिढ्यान् पिढ्या नांदणारी मराठी वस्ती, न्याहारीला पोहे-जिलेबी. शिवाय मुंबईहून संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुक्काम. मन रमायला एवढं पुरे.

कागदपत्रं मात्र इतक्या चटकन रमत नाहीत. ‘एमएच’ पाटीची गाडी परराज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथली नोंदणी करावी लागते. त्याआधी जुन्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, मग नवा रोड टॅक्स, आणि जुन्याच्या परताव्यासाठी हेलपाटे वेगळेच. त्यामानाने मतदार यादी सोपी: फॉर्म 8 भरला की पत्ता बदलतो.

खरी गोम मुलांच्या शिक्षणात आहे. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच व्हावी लागते. नववीतल्या मुलीला घेऊन निघणाऱ्या आईवडिलांनी भाड्यातली बचत मोजण्याआधी हा नियम वाचलेला बरा. तिसरी-चौथीतल्यांचं काय, ती लवकरच गल्लीतल्या पोरांशी हिंदीत भांडू लागतात. आजीला मात्र नळाला पाणी कधी येतं हे विचारायलाही मराठी शेजारीणच लागते.